नव्वद दिवसांचं गवत

१

सोनू, तू फक्त ऐक. कणीस खा, लिंबू कमी वाटलं तर त्या मावशींकडून अजून चोळून आण, पण मधे बोलू नकोस, माझी लिंक तुटते. दर रविवारी इथे खडकवासल्याला बसून तुझ्या हिंजवडीच्या टीमची भांडणं मी ऐकते की नाही? मग आज माझी पाळी.

तर दिवाळी होऊन गेलेली, सोमवार सकाळ. मी आमच्या शिवाजीनगरच्या लॅबमध्ये काट्यापुढे बसलेय. विश्रांतवाडीची बस चुकलेली, केस विस्कटलेले, आणि काट्यावरचा आकडा मी वहीत लिहायलाच तयार नाही. कारण तो आकडा खोटा होता. म्हणजे काटा बरोबर होता गं, तीनदा वजन केलं. पण तसं होऊच शकत नाही. हे समोरचं पाणी उद्या उठून सिंहगड चढायला लागलं तर कसं वाटेल, तसं.

थांब, आधी मंगळा समजून घे. मंगळा म्हणजे गाय. लोणी काळभोरच्या अलीकडे आमच्या कंपनीचा गोठा आहे ना, तिथली. तिच्या डाव्या कुशीत खिडकी आहे. खरंच! डॉक्टरांनी ऑपरेशन करून बशीएवढं भोक ठेवलंय, त्याला रबरी बूच. बूच काढायचं, हात कोपरापर्यंत आत, की डायरेक्ट पोट. नाक मुरडू नकोस. तिला दुखत नाही, निदान आम्हाला तसं शिकवलंय. चाऱ्याची पूड नायलॉनच्या छोट्या पिशवीत भरायची, तोंड बांधायचं, पिशवी पोटात सोडायची, दोन दिवसांनी काढायची, धुवायची, वाळवायची, वजन करायचं. जेवढं घटलं तेवढं पचलं. एवढीच आमची सगळी विद्या. मंगळाशेजारी शेवंता आहे, तिलाही अशीच खिडकी, पण ती तरुण.

आता तुझ्या हातातलं कणीस बघ. कोवळं आहे म्हणून दाणा दाताखाली फुटतोय. जून निघालं असतं तर जबडा दुखला असता. गवताचं तेच. पंचेचाळीस दिवसांत कापलं तर पाला जास्त, कांडी मऊ. नव्वद दिवस उभं ठेवलं तर ढीगभर येतं, पण काडीत लाकूड भरतं आणि गाईच्या पोटातल्या जंतूंना आत शिरायला वाटच मिळत नाही. आम्ही दोन्ही गवतांची कुट्टी करून निळ्या पिंपांत दाबून, हवा बंद करून मुरवली होती. मुरघास म्हणतात. गवताचं लोणचंच म्हण. एक ते तीन नंबरच्या पिंपांत कोवळं, ते शेवंताला. चार ते सहामध्ये जून, ते मंगळाला. आणि त्या जून गवतात कंपनीची नवी पावडर मिसळलेली.

कोवळं पचायला हवं होतं शंभरातलं पासष्ट-सत्तर. जून पन्नासच्या आत.

काट्यावर काय आलं? कोवळं सत्तेचाळीस. जून अडुसष्ट.

उलटं, सोनू. पूर्ण उलटं.

२

अभिनव सर आमचे प्रॉडक्ट मॅनेजर. आधी साबण विकायचे, मग मोबाइलची कार्डं, आता पावडर. त्यांनी आकडा बघितला आणि माझ्या टेबलावर तालच धरला. "वल्लरी, यू आर अ स्टार! पावडर म्हाताऱ्या गवताला तरुण करते! हेच पाकिटावर छापतो."

दारात हेमा मॅडम. लॅबच्या प्रमुख. नारायण पेठेतल्या, तीस वर्षं हेच काम, आता व्हीआरएस घेतलेली आणि नऊ दिवस उरलेले. चष्म्यावरून सरांच्या टकलाकडे बघत म्हणाल्या, "आधी स्वतःला लावून बघा. केस आले तर मला कळवा."

सर हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट तीस तारखेला हवा. रिझल्ट चांगला असेल तर गोठा अजून तीन वर्षं चालेल, मी मुंबईला शब्द टाकलाय. नसेल तर शेजारच्या आयटी पार्कला पार्किंगसाठी जागा हवीच आहे."

आणि मला एकदम पोपटमामा दिसले. म्हणजे समोर नाही, डोळ्यांपुढे. बावीस वर्षं गोठा तेच बघतात, गोठ्यामागच्या खोलीतच राहतात. गोठा गेला तर मामा कुठे जाणार? आणि मंगळा? पोटाला भोक पडलेली भाकड गाय कोण नेणार सांग. नेलीच तर कशाला नेणार, तेही सांग.

सर गेल्यावर मॅडमनी दार लावलं.

"तुमच्याकडे लोणचं कोण घालतं?"

"आई."

"जाळी धरलेल्या कैरीचं घातलं आणि वर्षभर मुरवलं, तर धागा विरघळतो?"

"नाही. दातात अडकतो."

"मग? मुरवल्याने वस्तू टिकते, बदलत नाही. गवतातली साखर आंबते, त्या आंबटपणाने ते सडायचं थांबतं. बस. काडीतल्या लाकडाला कोणी हात लावत नाही. पावडरसुद्धा नाही. म्हणजे या आकड्यात माणसाचा हात आहे."

"कोणाचा?"

"तिघांपैकी एकाचा. अभिनवचा, कारण त्याला हाच आकडा हवा होता. पोपटचा, कारण पिंपं त्याच्या ताब्यात असतात. आणि तिसरा..." मॅडमनी चष्मा काढला. "पिशव्यांवर नंबर कोणी घातले होते, वल्लरी?"

३

मी! मीच घातले होते ना! मला रडूच फुटायला आलं. मॅडम म्हणाल्या, "रडून वजन बदलत नाही. त्या दिवशी काय काय केलंस, क्रमाने सांग."

मग मी सांगायला लागले. नमुने गोठ्यावरून आले, पोपटमामांनी बांधलेले, आत त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या. मी वाळवले. मग ग्राइंडर लावला, तर पहिल्याच नमुन्याला तो अडकला, कर्रकर्र आवाज, दोनदा उघडून साफ केला, त्या नादात माझा चहा चुकला. दुसरा नमुना मात्र पोह्यांसारखा भुर्रकन झाला.

"अडकला तो कुठला?"

"एक नंबर. कोवळा—"

सोनू, शब्द तोंडातून बाहेर पडला आणि माझा मलाच ऐकू आला. कोवळं गवत ग्राइंडरला कशाला अडकेल? मुरलेली कुट्टी सगळी एकाच रंगाची, सगळ्याला तोच आंबूस वास, डोळ्यांना कळत नाही. पण ग्राइंडरने मला सांगितलं होतं! तासभर ओरडून सांगत होता! आणि मी काय करत होते? चहा चुकला म्हणून चिडत होते.

मॅडम म्हणाल्या, "तू सुटलीस. अदलाबदल लॅबमध्ये यायच्या आधीच झालीय. आणि करणारी तू असतीस तर ग्राइंडरची गोष्ट मला सांगितली नसतीस."

मग अभिनव सरांना बोलावलं. टेबलावर वाळल्या गवताच्या दोन मुठी. "यातलं जून कुठलं?"

सरांनी वाकून वास घेतला, तीनदा शिंकले आणि बरोब्बर कोवळ्यावर बोट ठेवलं.

"गोठ्यात कधी गेला होतात?"

"उद्घाटनाला. बूट फेकून द्यावे लागले."

"पिंपांवर नंबर कुठे लिहिलेला असतो?"

"पिंपांवर. म्हणजे समोर, पोटावर. का?"

"काही नाही. गोळी घ्या शिंकेची."

सर गेले. मी म्हटलं, "मॅडम, मुद्दाम चुकीचं सांगत असतील."

"सेल्समधला माणूस येणारं उत्तर लपवत नाही, मिरवतो. आणि नंबर पोटावर नसतोच. गोठा रोज पाइपने धुतात, म्हणून आपण तो झाकणावर चिकटवतो. हे ज्याला माहीत आहे, त्याचंच हे काम."

तिघांतले दोन गेले होते. मला लोणीला जायचंच नव्हतं, सोनू. पण मॅडमनी गाडी मागवली होती.

४

गोठ्याच्या एका बाजूला ती काचेची सातमजली इमारत, तिची सावली दुपारनंतर थेट गव्हाणीवर पडते. पोपटमामा नेहमीसारखे धावत आले. "या बाई, या ताई, च्या टाकतो." मंगळा कशी दिसत होती म्हणून सांगू! अंग तुकतुकीत, डोळे मिटून रवंथ करतेय. आणि शेजारची शेवंता, तरुण पोर, तिच्या मांडीची हाडं वर आलेली. कोवळं गवत खाणारी सुकलेली आणि जून खाणारी टवटवीत.

मॅडमनी मामांना एक प्रश्न विचारला नाही. खुंटीवरची वही काढली. गाईने रोज किती चारा टाकून दिला ते त्यात लिहितात. पहिले आठ दिवस मंगळाने निम्मा चारा टाकलेला. नवव्या दिवशी शून्य. मग शेवटपर्यंत शून्य. मी ते आधी बघितलं होतं आणि म्हटलं होतं, झाली सवय.

"सवय हळूहळू होते," मॅडम पुटपुटल्या. "चार किलो, तीन किलो, दोन किलो. ही एका दिवसात झालीय. शेवंताचं बघ."

शेवंताचं त्याच दिवसापासून उलटं. टाकलेला चारा शून्यावरून पाच किलो.

"कुठला दिवस आहे?"

"शनिवार. दिवाळीच्या आधीचा. मी सकाळी पिंपांची पातळी तपासून गेले होते."

भिंतीवर कॅलेंडर होतं. मॅडमनी पानं मागे उलटली आणि त्या चौकोनावर बोट ठेवलं. वसुबारस.

मला अजूनही वाटत होतं, योगायोग असेल. मॅडम पिंपांकडे वळल्या. तीन आणि सहा नंबरची पिंपं अजून बंद होती. भरल्यापासून कोणी उघडलेली नाहीत, कागदावर तरी. मामांनी कडं सोडवून झाकणं काढली, त्यांचे हात बघ कसे, सावकाश, फार सावकाश चाललेले. आत वीतभर पांढरी बुरशी. दोन्हींत.

"हवा गेलीय," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे उघडली होती." बुरशी बाजूला करून त्यांनी सहा नंबरमधली मूठ काढली, हातात चोळली. मऊ पाला. जून गवताच्या झाकणाखाली मऊ पाला!

मग त्यांनी झाकणाचं लोखंडी कडं उचललं आणि उलटं करून उन्हात धरलं. आतल्या खोबणीत काहीतरी वाळून चिकटलेलं. करडं, त्यात भुसा.

"शेण आहे," मी म्हटलं. "गोठ्यात असणारच ना, मॅडम." मीच म्हटलं. मला त्यांना वाचवायचं होतं.

"शेण कड्याला बाहेरून लागतं, वल्लरी. आत लावावं लागतं."

मागे चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

५

मामांनी नाही म्हटलंच नाही. खांबाला टेकून उभे राहिले.

"झाकान दुसऱ्या पिंपाला नीट बसंना, बाई. रबर ताठ झालतं. घरी कणगीचं त्वांड आमी शेणामातीनं लिंपतो, तसं लिंपलं. हवा जाऊ नाय म्हून."

"पण का मामा?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ताई, तुमी आठवड्यातनं येक दिस येता. म्या रोज बघतो. आठ दिस ती गव्हाणीकडं त्वांड करंना. त्या सकाळी उठंचना. तिच्या पोटाला भोक पाडलं तवा म्या काय बोललो न्हाई, मोठी मानसं हायत, शिकल्याली हायत म्हनलं. पर त्या दिशी बूच काडून बघितलं, तर आत निस्ती काड्यांची मोळी. वसुबारस व्हती, ताई. घराघरात गाय पुजत्यात, गोडाधोडाचा घास देत्यात. आन् म्या तिच्या म्होरं काड्या टाकू? शेवंता तरणी हाय, ती काढंल कड, म्हनलं."

"मग नुसता चारा बदलायचा," मॅडमनी कडं खाली ठेवलं. "झाकणं कशाला?"

"ताई शनवारी पातळी बघत्यात ना. कुठल्या पिंपातलं किती गेलं, त्ये जुळाया पायजे. तुमचा हिशेब मोडू नाय, म्हून झाकानं बदलली."

आमचा हिशेब मोडू नये म्हणून! हसावं की रडावं, सांग. त्यांना वाटत होतं, पिंपातून किती गेलं एवढंच आम्ही मोजतो. नमुनेही त्याच पिंपांतून येतात, झाकणावरचा नंबर बघून ते स्वतःच चिठ्ठी लिहितात, आणि त्या चिठ्ठीवर पावडरचं सगळं नशीब ठरतं, हे त्यांना बावीस वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

परत येताना गाडीत मॅडमनी हडपसरला खिडकीची काच वर केली. मग म्हणाल्या, "खरं लिहिलं तर प्रयोग रद्द. गोठा बंद. पोपट रस्त्यावर, मंगळा खाटकाकडे. खोटं लिहिलं तर पाकिटं विकली जातील, लोक गवत नव्वद दिवस उभं ठेवतील आणि गाई पोटभर खाऊन उपाशी राहतील."

"मग तुम्ही काय लिहिणार?"

"मी काहीच नाही. चाचणीवर सही तुझी असते, मी फक्त पुढे पाठवते. आणि पुढच्या बुधवारपासून तेही नाही." खिडकीबाहेर बघत, "शोधायचं काम मला जमतं. ठरवायचं कधीच जमलं नाही. म्हणूनच तर व्हीआरएस."

६

मी सही केली, सोनू.

असं बघू नकोस. तीस तारखेला सर पेन घेऊन उभे होते, मॅडमच्या निरोपाचा केक कापून झालेला, त्यांच्या टेबलाचे खण रिकामे. मी म्हटलं, सर, चाचणी परत करू या, शंका आहे. सर म्हणाले, "परत करायला गोठा उरेल का?" एवढंच. मला मंगळाची पाठ दिसली, मामांची खोली दिसली. खाटकाकडे एक गाय जाणार, ती मला माहितीय, तिला नाव आहे. उपाशी राहणाऱ्या गाई मला माहीत नव्हत्या. मी सही केली.

गोठा टिकला. तीन वर्षांची मंजुरी मिळाली, पाकिटंही बाजारात आली. मामांनी मला घरच्या शेंगा आणून दिल्या. मी त्या खाल्ल्या नाहीत, बरणीत तशाच आहेत.

आणि या गुरुवारी मी गोठ्यावर गेले तर मामा म्हणाले, "ताई, जरा बांधापत्तुर येता?" त्यांचा धाकटा भाऊ बजरंग, पलीकडेच त्याची दीड एकर आणि तीन म्हशी. बांधावर गेले आणि माझे पाय थांबले. गवत डोक्याच्या वर दोन हात. खालची पानं वाळलेली, कांड्या अंगठ्याएवढ्या, उसासारखी पेरं. म्हणजे पंचेचाळीस दिवसांचं माप कधीच उलटून गेलेलं.

मामा हळूच म्हणाले, "म्या सांगितलं त्याला. धा येळा सांगितलं, काप म्हून, पावडर लबाड हाय. तर त्यानं ह्ये दाखिवलं."

बजरंगच्या खिशातलं पत्रक. हिरवी गाय, खाली अडुसष्टचा आकडा, त्याखाली: चाचणी, वल्लरी दातार, एम. एस्सी.

"म्हनतो कसा, एम. एस्सी. झाल्याल्या बाई लिवत्यात, आन् तू जलमभर शेण काढतुयास, तुला काय कळतंय. ताई, माझं त्यो ऐकत न्हाई. तुमी सांगा. तुमचं ऐकंल."

तेवढ्यात बजरंग स्वतःच आला, हात पुसत. "मॅडम तुमीच व्हय? अवो, तुमच्यामुळं लई सोपं झालं बघा! दोन कापण्यांचं काम येका कापणीत. आजूबाजूच्या धा जनांनी नेली पावडर. कसं आलंय गवत?"

मामा माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं. जर सांगितलं तर का, कसं, कोणी, सगळं निघणार. सुरुवात माझ्या सहीपासून आणि शेवट मामांच्या हातांवर. बजरंग हसत उभा. मागे त्याच्या तीन म्हशी, काळ्या कुळकुळीत, अजून.

मी म्हटलं, "छान वाढलंय."

मामांनी मान खाली घातली आणि गोठ्याकडे निघून गेले. माझ्यासाठी थांबलेसुद्धा नाहीत.

उद्या सकाळी बजरंग कापणार आहे. पिंपं धुऊन ठेवलीत त्याने. सोनू, ते कणीस ठेव खाली. नीट सांग, मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस. त्या बांधावर तू असतीस, तर तू काय केलं असतंस?